अलेक्झांडर गेल्यावर त्याचं साम्राज्य सेनापतींनी कसं वाटून घेतलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलेक्झांडर भारतातून परत फिरला आणि वारला, इथे आपल्याकडची बहुतेक पुस्तकं थांबतात, आणि मग सेल्युकस एकदम चंद्रगुप्ताच्या धड्यातच भेटतो. मधली वीस वर्षं कुठे गेली, हा सेल्युकस आला कुठून, बाकीच्यांचं काय झालं, असे प्रश्न सतत येत राहतात म्हणून एकदाच नीट सगळं लिहून काढलंय. खालची सालं इसवी सनापूर्वीची आहेत, जिथे नाहीत तिथे तसं सांगितलंय. ग्रीक नावं मराठीत जशी रुळली आहेत तशीच घेतली आहेत.

१. अलेक्झांडर नक्की कधी वारला, आणि त्याला कुणी वारसच नव्हता का?

जून ३२३, बाबिलोन, वय ३२. बाबिलोनचे पुजारी रोज आकाशाची नोंद ठेवायचे, त्यांच्या मातीच्या विटेवर त्या दिवशी "राजा मेला, ढग होते" एवढंच लिहिलेलं सापडलंय, त्यामुळे तारीख (बहुतेक ११ जून) बऱ्यापैकी पक्की आहे. मेजवानीनंतर ताप भरला आणि दहा-बारा दिवसांत सगळं संपलं. विषप्रयोगाची गोष्ट नंतर खूप पसरली, पण ती पसरवण्यात ज्यांचा राजकीय फायदा होता त्यांनीच ती पसरवली असं मला वाटतं.

वारस होते, पण राज्य चालवू शकेल असा एकही नव्हता. बायको रोक्साना गरोदर होती. सावत्र भाऊ अर्हिडियस मोठा होता पण त्याची मानसिक वाढ पूर्ण झालेली नव्हती. आणि बार्सिनी नावाच्या बाईपासून झालेला हेराक्लिस नावाचा लहान मुलगा होता, पण ते लग्न नव्हतं. पुढची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

२. "जो सगळ्यात ताकदवान असेल त्याला राज्य" असं तो मरताना म्हणाला होता ना?

जुन्या लेखकांनी ही गोष्ट दिलीय खरी, पण ते सगळे तीनशे-चारशे वर्षांनंतरचे. शेवटच्या दिवसांत त्याची वाचा गेली होती, सैनिक रांगेनं त्याच्या पलंगापाशी येऊन गेले तेव्हा तो फक्त डोळ्यांनी आणि मान हलवून ओळख देत होता, असंही तेच लेखक सांगतात. म्हणजे दोन्ही एकत्र बसत नाही. पुढे चाळीस वर्षं जे घडलं ते माहीत असलेल्या माणसानं हे वाक्य मागाहून त्याच्या तोंडी घातलं असावं. राजमुद्रेची अंगठी मात्र त्यानं पर्डिकस या सेनापतीच्या हातात दिली, हे बहुतेक जण मान्य करतात.

३. मग बाबिलोनमध्ये ठरलं काय? वाटणी तिथेच झाली का?

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. बाबिलोनमध्ये साम्राज्याची वाटणी झालीच नाही. साम्राज्य एकच राहिलं, फक्त कुठल्या प्रांतावर कोण सुभेदार (त्यांच्या भाषेत क्षत्रप) हे ठरलं, आणि सगळे राजाच्या नावानं कारभार करणार असं ठरलं.

तेही सुखासुखी झालं नाही. घोडदळाचे सरदार म्हणत होते की रोक्सानाला मुलगा होतो का ते बघू. पायदळातले साधे मॅसिडोनियन सैनिक म्हणाले, आम्हाला फिलिपचा (अलेक्झांडरच्या बापाचा) मुलगा पाहिजे, आणि त्यांनी अर्हिडियसला पुढे करून राजा जाहीर करून टाकलं. अलेक्झांडरचं प्रेत अजून त्याच महालात होतं आणि बाहेर सैन्याचे दोन गट एकमेकांवर शस्त्रं उगारून उभे. शेवटी तडजोड झाली की दोघंही राजे, अर्हिडियस "तिसरा फिलिप" या नावानं आणि बाळ जन्मल्यावर "चौथा अलेक्झांडर", आणि कारभार पर्डिकसकडे. पायदळाचा पुढारी मेलिएजर याला पर्डिकसनं आधी आपला सहकारी म्हणून घोषित केलं, मग सैन्याच्या शुद्धीच्या विधीत त्याच्या माणसांना वेचून बाहेर काढून हत्तींच्या पायाखाली घातलं, आणि थोड्याच दिवसांत मेलिएजरलाही मारलं, तोही देवळात आसरा घेतलेला असताना. त्या दिवसानंतर पर्डिकसच्या शब्दावर कुणी विसंबलं नाही, आणि त्यात नवल नाही.

सुभे साधारण असे: इजिप्त टॉलेमीला, थ्रेस लिसिमॅकसला, आशिया मायनरचा पश्चिमेकडचा मोठा भाग अँटिगोनसला, कॅपडोशिया युमेनीसला, मीडिया (आताच्या इराणचा वायव्य भाग) पिथॉनला. मॅसिडोनिया आणि ग्रीस म्हातारा अँटिपेटर सांभाळत होताच, त्याच्या जोडीला क्रेटेरस. सेल्युकसला सुभा मिळालाच नाही, त्याला घोडदळाचं सेनापतीपद मिळालं.

४. 'डायडोची' म्हणतात ते नक्की कोण? नावं लक्षात राहत नाहीत.

अलेक्झांडरच्या मागून सत्तेसाठी लढलेले त्याचे सेनापती, एवढाच अर्थ. सुरुवातीला डझनभर तरी आहेत, पण सगळी नावं पाठ करू नका. पहिल्या फेरीसाठी पर्डिकस, अँटिपेटर, क्रेटेरस, युमेनीस आणि दुसऱ्या फेरीसाठी अँटिगोनस (एका डोळ्यानं आंधळा), त्याचा मुलगा डिमेट्रियस, टॉलेमी, सेल्युकस, लिसिमॅकस, कॅसँडर (अँटिपेटरचा मुलगा) एवढे धरले की गोष्ट समजते. सारख्या नावांचा गोंधळ होत असेल तर प्रश्न १४ बघा.

५. अंगठी पर्डिकसकडे, राजे पर्डिकसकडे, मुख्य सैन्य पर्डिकसकडे, मग तो दोन-तीन वर्षंपण का टिकला नाही?

कारण सगळ्यांना एकाच वेळी दुखावलं. अँटिपेटरची मुलगी नायकिया हिच्याशी लग्न ठरलेलं असताना अलेक्झांडरची सख्खी बहीण क्लिओपात्रा हिच्याशी लग्न करायचं त्याच्या मनात आलं. म्हणजे याला स्वतःलाच राजा व्हायचंय हे उघड झालं. अँटिगोनस पळून अँटिपेटरकडे गेला आणि सगळं सांगितलं. तिकडे टॉलेमीनं अलेक्झांडरचं प्रेत पळवलं (प्रश्न ६). मग पर्डिकस मुख्य सैन्य घेऊन इजिप्तवर चालून गेला.

मेम्फिसजवळ नाईल ओलांडायची होती. पाण्याचा जोर मोडावा म्हणून त्यानं वरच्या अंगाला हत्ती उभे केले आणि वाहून जाणाऱ्यांना धरायला खालच्या अंगाला घोडेस्वार. थोडे लोक पार झाले, पण हत्ती-घोड्यांच्या पायांनी तळाची वाळू उकरली गेली आणि वाहून गेली, पात्र एकदम खोल झालं आणि मागचे पार होईनात. जे पलीकडे पोचले ते अपुरे पडले म्हणून त्यांना परत फिरायचा हुकूम दिला. दोन हजारांवर माणसं मेली, त्यातली निम्मी तरी मगरींच्या तोंडी गेली असं डायोडोरस हा जुना ग्रीक इतिहासकार लिहितो. रात्री छावणीत आपलाच भाऊ, आपलाच मित्र मगरींनी खाल्ला म्हणून लोक रडत होते आणि त्याच रात्री पिथॉन, अँटिजिनीस, सेल्युकस वगैरे अधिकाऱ्यांनी तंबूत शिरून पर्डिकसला मारलं.

याच्या थोडं आधी उत्तरेला युमेनीसनं पर्डिकसच्या बाजूनं लढून क्रेटेरसला हरवून मारलं होतं, पण ती बातमी छावणीत दोन दिवस उशिरा पोचली. आधी पोचली असती तर पर्डिकसवर हात टाकायची कुणाची हिंमत झाली नसती, असं जुन्या लेखकांनीच म्हटलंय आणि ते पटतं.

६. टॉलेमीनं प्रेत चोरलं हे खरं का? आणि कशासाठी?

खरं आहे. प्रेत नेण्यासाठी देवळासारखा सोन्याचा रथ बनवला होता, तो बनवायलाच जवळपास दोन वर्षं लागली आणि ओढायला ६४ खेचरं होती. हा रथ बाबिलोनहून निघाला आणि सीरियात टॉलेमी सैन्य घेऊन "स्वागताला" आला आणि इजिप्तला घेऊन गेला. आधी मेम्फिसला ठेवलं, नंतर अलेक्झांड्रियाला.

मॅसिडोनियात नव्या राजानं जुन्या राजाला पुरायचं अशी रीत होती, म्हणजे जो पुरणार तो वारस. पर्डिकसला ते करू द्यायचं नव्हतं. शिवाय अलेक्झांडर ज्याच्याकडे त्याच्याकडे सैनिक आपोआप येणार. कबर पुढे शतकानुशतकं अलेक्झांड्रियात होती, रोमचा ऑगस्टस तिथे जाऊन आला. आज ती नेमकी कुठे ते माहीत नाही. इस्तंबूलच्या म्युझियममध्ये "अलेक्झांडरची शवपेटी" म्हणून जी सुंदर पेटी आहे ती सिडोनला सापडलेली आहे, तिच्यावर अलेक्झांडर कोरलाय पण ती त्याची नाही.

७. त्रिपारादिससला दुसरी वाटणी झाली म्हणतात, ती काय?

पर्डिकस गेल्यावर सीरियात सगळे जमले आणि सुभे पुन्हा नव्यानं ठरले. अँटिपेटर राजांचा पालक, अँटिगोनस आशियातल्या सैन्याचा सेनापती (काम: युमेनीसला संपवणं), सेल्युकसला बाबिलोन. टॉलेमीला इजिप्तहून हलवणं कुणाला शक्यच नव्हतं. पालकपद आधी टॉलेमीलाच देऊ केलेलं, पण त्यानं नको म्हटलं, आणि माझ्या मते या सगळ्या चाळीस वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. सगळं साम्राज्य मागायचं नाही, जे आहे ते असं धरायचं की कुणाला घेता येणार नाही.

अँटिपेटर राजांना घेऊन मॅसिडोनियाला गेला आणि ३१९ मध्ये वारला. मरताना त्यानं पालकपद स्वतःच्या मुलाला, कॅसँडरला, न देता जुना सहकारी पॉलिपर्कॉन याला दिलं. कॅसँडर हे सहन करणाऱ्यातला नव्हता.

८. युमेनीस एवढा हुशार होता तर त्याच्याच सैनिकांनी त्याला का पकडून दिलं?

हा प्रश्न येतो तेव्हा मला खूप बरं वाटतं कारण या माणसाकडे कुणी लक्षच देत नाही. युमेनीस मॅसिडोनियन नव्हता, कार्डिया गावचा ग्रीक, अलेक्झांडरचा चिटणीस. लेखणीवाला माणूस म्हणून बाकीचे सेनापती त्याला कमी लेखायचे. पण लढाईत त्यानं क्रेटेरससारख्या सैनिकांच्या लाडक्या सेनापतीला हरवलं, आणि ते कसं, तर समोर क्रेटेरस आहे हे आपल्या मॅसिडोनियन सैनिकांना कळूच दिलं नाही. कळलं असतं तर ते लढलेच नसते. क्रेटेरसच्या समोर त्यानं मुद्दाम परके घोडेस्वार ठेवले.

नंतर त्याच्या हाताखाली 'चांदीच्या ढाला' नावाची पलटण आली. तीन हजारांच्या आसपास माणसं, फिलिपच्या काळापासून लढलेली, बहुतेक साठी ओलांडलेली, काही सत्तरीची, आणि तरीही त्यांच्यासमोर उभं राहायला तरणे सैनिक घाबरायचे. परक्या माणसाचा हुकूम हे ऐकणार कसे? म्हणून युमेनीसनं एका तंबूत अलेक्झांडरचं रिकामं सिंहासन मांडलं, त्यावर मुकुट आणि राजदंड, आणि सगळ्या बैठका त्या सिंहासनासमोर. हुकूम माझा नाही, राजाचा आहे. आणि हे चाललं!

मग गॅबिनीची लढाई, ३१७-१६ चा हिवाळा, आताच्या इराणात. खारट, भुसभुशीत मैदान, हजारो घोड्यांच्या टापांनी इतकी धूळ उडाली की काही दिसेना. त्या धुळीच्या आडून अँटिगोनसनं घोडेस्वार पाठवून युमेनीसच्या छावणीतलं सामानसुमान उचललं. सामान म्हणजे या म्हाताऱ्या सैनिकांच्या बायका, पोरं, आणि पंचवीस-तीस वर्षांच्या लढायांची सगळी कमाई. पायदळाची लढाई चांदीच्या ढालांनी जिंकली होती, एकही माणूस न गमावता असं लिहिलंय (ही अतिशयोक्ती असणार), पण संध्याकाळी छावणीत परतले तर घरच नाही. त्यांनी अँटिगोनसला निरोप धाडला, त्यानं सांगितलं युमेनीस द्या आणि सगळं परत घ्या. दिला त्यांनी.

मला त्यांना नुसतं गद्दार म्हणून सोडून देता येत नाही. घरदार सोडून जग पालथं घातलेल्या माणसाकडे तेवढंच उरलं होतं. अँटिगोनसनं युमेनीसला मारलं पण अस्थी चांदीच्या कलशातून बायकोमुलांकडे पाठवल्या. पलटणीचा सेनापती अँटिजिनीस याला जिवंत जाळलं, आणि पलटणीतल्या बऱ्याच जणांना दूर कंदाहारकडच्या सुभेदाराकडे धाडलं, छोट्या छोट्या तुकड्यांनी अशा कामांवर पाठव जिथून ते परत येणार नाहीत, या हुकमासह.

९. अलेक्झांडरच्या घरच्यांचं काय झालं?

सगळे मारले गेले. ३१७ मध्ये त्याची आई ऑलिम्पियास मॅसिडोनियात परतली, अर्हिडियसला भोसकून मारलं आणि त्याच्या तरुण बायकोला, युरिडिसीला, तलवार, दोर आणि विष पाठवून काय ते निवड म्हणून सांगितलं. तिनं स्वतःच्याच कमरपट्ट्यानं गळफास घेतला. मग कॅसँडर आला आणि त्यानं ऑलिम्पियासला पिडना शहरात कोंडलं. तिथे इतका दुष्काळ पडला की हत्तींना लाकडाचा भुसा घातला आणि ते मेले. शरण आल्यावर कॅसँडरनं पाठवलेल्या सैनिकांचा तिच्यावर हात उचलेना, शेवटी तिनं ज्यांची माणसं मारली होती त्या नातलगांनी तिला मारलं.

रोक्साना आणि चौथा अलेक्झांडर अँफिपोलिसच्या किल्ल्यात कॅसँडरच्या कैदेत राहिले. ३११ मध्ये सेनापतींनी तह केला, त्यात लिहिलं की हा मुलगा वयात येईपर्यंत कॅसँडर युरोपचा सेनापती. हे कलम म्हणजे त्या पोराची मृत्युघंटाच होती, आणि सह्या करणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असणार. ३१०-०९ च्या सुमारास माय-लेकाला गुपचूप मारलं. मुलगा बारा-तेरा वर्षांचा. कुणीही सेनापती त्याचा सूड घ्यायला उठला नाही, सगळ्यांची सोय झाली होती. ग्रीसमधल्या व्हर्जिना इथे एका किशोरवयीन मुलाच्या अस्थी असलेली राजेशाही कबर सापडलीय, ती याचीच असं बरेच अभ्यासक मानतात.

हेराक्लिसला पॉलिपर्कॉननं आधी राजा म्हणून पुढे आणलं आणि कॅसँडरशी सौदा करून ३०९ मध्ये मारलं. बहीण क्लिओपात्रा टॉलेमीकडे जायला निघाली तर अँटिगोनसच्या सांगण्यावरून सार्डिसला तिचा खून झाला, आणि मग अँटिगोनसनंच खुनी बायकांना शिक्षा देऊन तिला थाटात पुरलं.

१०. हे लोक स्वतःला राजे कधीपासून म्हणवायला लागले?

३०६. डिमेट्रियसनं सायप्रसजवळ सॅलामिसच्या आरमारी लढाईत टॉलेमीला हरवलं आणि बाप-लेकांनी मुकुट घातला. वर्ष-दीड वर्षात टॉलेमी, सेल्युकस, लिसिमॅकस, कॅसँडर सगळ्यांनीच घातला. म्हणजे साम्राज्य कागदावर खऱ्या अर्थानं फुटलं ते इथे, बाबिलोनमध्ये नाही. मधल्या काळात तर कमालच आहे, चौथा अलेक्झांडर मेल्यावरही इजिप्तमध्ये आणि बाबिलोनमध्ये दस्तऐवजांवर काही वर्षं त्याच्याच नावानं राज्यवर्षं घालत होते.

११. सेल्युकसला बाबिलोन मिळालं म्हणता, मग तो टॉलेमीच्या नोकरीत कसा दिसतो?

युमेनीसला संपवल्यावर अँटिगोनस इतका मोठा झाला की तो बाकीच्या सुभेदारांकडे हिशेब मागायला लागला. सेल्युकस म्हणाला हा सुभा मला मॅसिडोनियन सैन्यानं दिलाय, तू कोण विचारणारा, आणि मग जीव वाचवायला पन्नासएक घोडेस्वार घेऊन ३१५ च्या सुमारास इजिप्तला पळाला. ३१२ मध्ये टॉलेमी आणि त्यानं मिळून गाझाला डिमेट्रियसला हरवलं. त्यानंतर टॉलेमीनं त्याला जेमतेम हजार माणसं दिली, ८०० पायदळ आणि २०० घोडेस्वार, एवढ्यावर हा माणूस बाबिलोन परत घ्यायला निघाला आणि घेतलंही, कारण तिथल्या लोकांना त्याचा आधीचा कारभार आवडला होता. या परतण्यापासून त्यानं वर्षं मोजायला सुरुवात केली. आधी राजा बदलला की वर्ष पुन्हा एकपासून, इथे मात्र त्याच्या मुलानं मोजणी तशीच पुढे चालू ठेवली, आणि पश्चिम आशियात हा शक पुढे हजार वर्षांहून जास्त वापरात राहिला.

१२. चंद्रगुप्त मौर्य आणि सेल्युकस: लढाई झाली का, कोण जिंकलं, मुलगी दिली का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ३०५ च्या सुमारास सेल्युकस सिंधूपर्यंत आला आणि ३०३ च्या आसपास तह झाला. लढाईचं वर्णन कुणीच दिलेलं नाही, त्यामुळे "अमुक मैदानात हरवलं" असं कुठे वाचलंत तर ते कुणीतरी रचलेलं आहे. पण तहाच्या अटी बघितल्या की वरचढ कोण ते कळतं. सेल्युकसनं आताच्या अफगाणिस्तानचा मोठा भाग आणि बलुचिस्तान सोडलं, चंद्रगुप्तानं ५०० हत्ती दिले.

लग्नाबद्दल स्ट्रेबो आणि अ‍ॅपियन हे जुने लेखक दोघंही सोयरिकीचा उल्लेख करतात, पण कुणाची मुलगी कुणाला दिली ते सांगत नाहीत. दोन्हीकडच्या लोकांमधली लग्नं कायदेशीर मानायची, असाही अर्थ निघतो. "हेलेना" हे नाव खूप नंतर नाटक-कादंबऱ्यांतून आलंय, जुन्या साधनांत नाही.

सेल्युकस घाट्यात गेला का? मला नाही वाटत. लांबच्या, सांभाळायला अवघड प्रांतांच्या बदल्यात त्यानं पूर्वेची सीमा शांत करून घेतली आणि त्या हत्तींवर पुढची लढाई जिंकली (प्रश्न १३). मेगॅस्थिनीस वकील म्हणून पाटलीपुत्राला आला तो याच संबंधातून.

१३. इप्ससची लढाई एवढी महत्त्वाची का मानतात?

३०१, आताच्या तुर्कस्तानात. एका बाजूला अँटिगोनस आणि डिमेट्रियस, दुसऱ्या बाजूला सेल्युकस आणि लिसिमॅकस, कॅसँडरनंही सैन्य पाठवलेलं. प्लूटार्क हा जुना ग्रीक लेखक आकडे देतो: अँटिगोनसकडे ७० हजारांवर पायदळ आणि ७५ हत्ती, समोर ६४ हजार पायदळ आणि ४०० हत्ती. डिमेट्रियसनं घोडदळ घेऊन सेल्युकसच्या मुलाला, अँटायोकसला, पळवून लावलं पण त्याच्या मागे फार लांब गेला. परतायला बघतो तर मध्ये हत्तींची भिंत, आणि घोडे हत्तींना बिचकतात. इकडे ऐंशी उलटलेला अँटिगोनस, आता मुलगा येईल, मुलगा येईल, म्हणत उभा राहिला आणि भाल्यांच्या वर्षावात पडला. साम्राज्य पुन्हा एक करण्याची खरी ताकद असलेला शेवटचा माणूस तो होता, निदान त्या घडीला.

टॉलेमी लढाईला आलाच नाही. सिडोनला वेढा घालून बसला होता, अँटिगोनस जिंकला अशी खोटी अफवा ऐकली आणि घरी गेला. दक्षिण सीरिया मात्र सोडला नाही, आणि त्या पट्ट्यावरून दोन्ही घराण्यांत पुढे सव्वाशेएक वर्षं लढाया चालल्या.

१४. एकाच नावाची माणसं इतकी आहेत, ओळखायची कशी?

क्लिओपात्रा: इथली म्हणजे अलेक्झांडरची बहीण, रोमवाल्या क्लिओपात्राच्या तीनशे वर्षं आधीची. अर्हिडियस: एक राजा, दुसरा प्रेताचा रथ बनवणारा अधिकारी. पिथॉन: मीडियाचा वेगळा, सिंधचा वेगळा. अँटिगोनस: एकाक्ष म्हणजे आजोबा, गोनाटस म्हणजे डिमेट्रियसचा मुलगा, ज्यानं पुढे मॅसिडोनिया कायमचा मिळवला. अँटिपेटर: म्हातारा पालक वेगळा, कॅसँडरचा मुलगा वेगळा. या दुसऱ्यानं आपल्या आईला, थेस्सलोनिकीला, मारलं. ती अलेक्झांडरची सावत्र बहीण, आणि ग्रीसमधलं आजचं थेस्सलोनिकी शहर तिच्याच नावाचं.

१५. पोरसचं पुढे काय झालं?

बाबिलोनच्या आणि त्रिपारादिससच्या वाटणीतही पोरस आणि तक्षशिलेच्या राजाला त्यांचा मुलूख राहू दिला, कारण त्यांना हलवायला सैन्यच नव्हतं. ३१७ च्या सुमारास युडेमस नावाच्या मॅसिडोनियन अधिकाऱ्यानं पोरसला दग्यानं मारलं आणि १२० हत्ती घेऊन युमेनीसच्या मदतीला इराणात गेला. गॅबिनीनंतर अँटिगोनसनं त्यालाही मारलं. पंजाबात मॅसिडोनियन सत्ता अशी पोकळ झाली आणि तिथे चंद्रगुप्त आला.

या हत्तींबरोबर भारतीय सैनिकही गेले होते. त्यांचा सेनापती, ग्रीकांनी त्याचं नाव केटेउस लिहिलंय, गॅबिनीच्या आधीच्या लढाईत मारला गेला. त्याच्या दोन्ही बायका सती जायला भांडल्या, थोरली गरोदर म्हणून तिला नाकारलं, धाकटी चितेवर चढली. दागिने काढून तिनं जवळच्यांना वाटले आणि सगळं सैन्य शस्त्रांसह चितेभोवती तीन फेऱ्या मारून गेलं, असं डायोडोरसनं लिहून ठेवलंय. बाहेरच्या माणसानं केलेलं सतीचं इतकं सविस्तर इतकं जुनं वर्णन मला दुसरं माहीत नाही, आणि ते वाचताना त्या मुलीचं नावही कुणी लिहिलं नाही याचं वाईट वाटतं.

१६. शेवटी राज्यं तीन झाली की चार? वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं दिलंय.

दोन्ही बरोबर, साल वेगळं. इप्ससनंतर मोठी राज्यं चार: कॅसँडर, लिसिमॅकस, सेल्युकस, टॉलेमी. कॅसँडर २९७ ला वारला आणि मॅसिडोनियासाठी ओढाताण सुरू झाली. २८१ मध्ये कोरुपेडियमला सेल्युकसनं लिसिमॅकसला मारलं, दोघंही ऐंशीच्या आसपासचे म्हातारे, अलेक्झांडरचे शेवटचे दोन सोबती. लिसिमॅकसच्या कुत्र्यानं प्रेत राखलं म्हणून ते सापडलं. सेल्युकस मॅसिडोनियाकडे निघाला, आता सगळं त्याचंच, आणि त्यानंच आसरा दिलेल्या टॉलेमीच्या मुलानं, केरौनसनं, त्याचा खून केला. केरौनस गॉल टोळ्यांशी लढताना मेला आणि २७७ च्या सुमारास गोनाटसनं मॅसिडोनिया घेतला. म्हणून शेवटी तीन: मॅसिडोनियात अँटिगोनसचं घराणं, आशियात सेल्युकसचं, इजिप्तमध्ये टॉलेमीचं.

अंथरुणात शांतपणे मेला तो टॉलेमी, ऐंशी उलटल्यावर, २८३-८२ मध्ये. त्यानं अलेक्झांडरचा इतिहासही लिहिला होता, तो हरवला पण एरियन या नंतरच्या लेखकानं तो वापरलाय, त्यामुळे आपण आज जे वाचतो त्यात टॉलेमीची बाजू जरा उजळच असते हे लक्षात ठेवा.

रोमनं ही तिन्ही राज्यं संपवली: १६८, ६४-६३ आणि ३०. शेवटची क्लिओपात्रा टॉलेमीचीच वंशज, म्हणजे मूळची मॅसिडोनियन.

१७. याचा भारताशी, महाराष्ट्राशी पुढे काही संबंध राहिला का?

भारताशी नक्की. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मक आणि अलिकसुदर अशी पाच यवन राजांची नावं आहेत. पहिला सेल्युकसचा मुलगा किंवा नातू (बहुतेक नातू, दुसरा अँटायोकस), दुसरा टॉलेमीचा मुलगा, तिसरा गोनाटस. म्हणजे या सेनापतींची दुसरी-तिसरी पिढी आपल्या शिलालेखात कोरलेली आहे. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडले, तेराव्याचा नाही, त्यामुळे "सोपाऱ्यात ग्रीक राजांची नावं आहेत" हे फॉरवर्ड चुकीचं आहे.

कार्ले, जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये "यवन" म्हणवणारे लोक आहेत. पण ते काही शतकांनंतरचे आणि त्यातल्या कित्येकांची नावं चक्क भारतीय, त्यामुळे त्यांना या सेनापतींशी थेट जोडू नका.

१८. काही पुस्तकांत त्रिपारादिसस ३२१ आणि काहींत ३२०, बरोबर कुठलं?

आपला मुख्य आधार डायोडोरस, तो वर्षं अथेन्सच्या वार्षिक अधिकाऱ्यांच्या नावांनी मोजतो आणि नेमकी या काळातली काही नावं त्यानं गाळली आहेत. त्यामुळे ३२२ ते ३११ मधल्या घटना एक वर्ष वरखाली होतात. अभ्यासकांत "वरची" आणि "खालची" अशा दोन कालगणना आहेत आणि दोन्हींचा मेळ घालणारी तिसरीही आहे. बाबिलोनच्या विटांमुळे काही सालं पक्की झाली, सगळी नाही. इप्सस ३०१ आणि कोरुपेडियम २८१ याबद्दल वाद नाही. परीक्षेसाठी वाचत असाल तर नेमलेल्या पुस्तकात जे साल आहे तेच लिहा, आणि एका उत्तरात दोन पुस्तकांची सालं मिसळू नका, नाहीतर पर्डिकस आधी मरतो आणि इजिप्तवर नंतर चालून जातो.